जागल

सेवाग्रामच्या दवाखान्यात
नाकातून एक काळी नळी घातली बाबाच्या,
आणि पडद्यावर उमटलं
ते मी आजवर नुसतं ऐकलेलं:
ओल्या तुरीची शेंग नखानं उकलावी
तशा दोन पांढुरक्या पाकळ्या,
बोटाच्या पेराहून लहान.

एवढ्याशानं हा माणूस
बावीस वर्षं लोकांच्या वावरात जागलीवर होता.
मचानावरून एक हाक टाकली
की नाल्यापल्याडची डुकरं माघारी वळायची,
रोही कान टवकारून उभे राहायचे
पऱ्हाटीच्या ओळीत, खांबासारखे.

डॉक्टरीण बाई सांगत होती,
खालून श्वास येतो, या दोघी मिटतात,
श्वास त्यांना ढकलून उघडतो, त्या पुन्हा मिटतात.
एका सेकंदात शंभर-सव्वाशे वेळा.
बाईच्या गळ्यात दोनशेच्या वर.
पण तेवढ्यानं नुसती भुणभुण होते, माशीसारखी.
तिला घसा, टाळू, जीभ, ओठ घडवतात,
तेव्हा कुठं ती 'लटारी' होते, 'भाकर' होते,
'हाऽऽ रे हाऽऽ' होते.

गलगंडाची गाठ काढली दिवाळीनंतर.
गाठ गेली, डाव्या पाकळीची नस दुखावली.
आता उजवी येते मध्यापर्यंत, थांबते,
समोरची येतच नाही.
फटीतून वारा निघून जातो
तट्ट्याच्या भिंतीतून जातो तसा.

ती नस कुठून येते, तेही सांगितलं.
डोक्यातून निघते, गळ्याशेजारून जाते,
पण गळ्यात शिरत नाही.
सरळ छातीत उतरते,
काळजाच्या मोठ्या नळीला खालून वळसा घालते
आणि मग चढते परत, वर.
बाबा हसला. नुसत्या हवेनं म्हणाला,
"म्हंजे शेजारच्या घरी जायाले
आंधी हिंगणघाट कराव लागते का बाई?
मंग थकलीच असन ते."

रोज भिंतीला हात टेकून ढकलायचं नि 'आ' म्हणायचं.
मग शब्द. शिकवणारी पोरगी पुण्याची, चष्म्याची.
"म्हणा, बाळ."
"बाय."
"कमळ."
"कमय."
"आजोबा, ळ. जीभ अशी मागं वळवा."
बाबानं माझ्याकडं पाह्यलं, सांग म्हणून.
मी म्हटलं, मॅडम, तो अक्षर आमच्या अख्ख्या गावात नाही,
राळेगावले बी आम्ही रायेगावच म्हणतो.
तिनं वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं.

गावात मात्र बाबाचा आवाज आहे.
ऑपरेशनच्या आदल्या साली
मनोहर वरभ्यानं भोंगा आणला, बॅटरीचा,
आणि मी माझ्या मोबाईलवर
बाबाला घराच्या मागं उभं करून
सात हाका भरून घेतल्या.
आता तेच कार्ड पाच वावरांत फिरते.
रात्री आम्ही अंगणात बसतो,
तो दोरी वळत, मी भाजी निवडत,
आणि चारी अंगांनी बाबा ओरडतो,
थोडा इकडून आधी, थोडा तिकडून मागून.
तो मान वर करत नाही.
पहिल्या रात्री तेवढा उठला होता,
कोण आहे म्हणून पाहायला.

सातवी हाक संपते
तिथं मी बटन दाबायला उशीर केला होता.
म्हणून कार्डावर एक खोकला आहे,
चपलेचा एक आवाज,
आणि मग त्याचा तो घरातला, बुटका, उबदार सूर:
"झालं का वं, माय?"

डुकरांसाठी त्यात काही नाही.
मनोहरभाऊ म्हणाला, "पमा, शेवटचं तेवढं कापून दे,
फुकट बॅटरी खाते."
मी पांढरकवड्याला सहा महिने कम्प्युटर शिकली आहे.
मी म्हटलं, मले नाही येत कापता.

ते तीन शब्द घडायला
त्या नसेनं छातीपर्यंत जाऊन
परत वर यावं लागलं होतं,
हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.
तेव्हा मी नुसतं 'हो' म्हटलं असेल.
ते भरलं गेलं नाही.

आता रोज रात्री, आठ-आठ मिनिटांनी,
वरभ्याच्या हरभऱ्यातून विचारणा होते.
बाबा दोरीला पीळ देत राहतो.
मी भिंतीकडं तोंड करून
हळूच म्हणते,
अजून नाही.